चौथी ओळ

"हे कार्ड कोणी केलं?" असं नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी बिस्किट चहात बुडवत होतो, ते तुटून कपात पडलं. बाकी काही झालं नाही. हिवतापाच्या राष्ट्रीय धोरणाची नवी आवृत्ती काढायची म्हणून आम्ही अकरा जण मुख्य कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो, आणि खिशात मावावं म्हणून केलेलं ते कार्ड समोरच्या पडद्यावर पुरुषभर उंच होऊन उभं होतं. तीन ओळी. ताप असेल तर आधी रक्त तपासा. जंतू आहे : औषध द्या. जंतू नाही : औषध देऊ नका. डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत, कार्यालयात येऊन त्यांना दोन महिनेही झाले नाहीत, आणि त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. एवढं जाडजूड धोरण, त्यात त्रेसष्टाव्या पानावर स्वच्छ लिहिलंय की पहिल्या तपासणीत जंतू दिसला नाही आणि ताप टिकला, तर एका दिवसानं पुन्हा तपासा. मग खेड्यापाड्यातल्या नर्सच्या हातात जे एकमेव कार्ड पडतं, त्यावर हे का नाही? "त्रेसष्टावं पान वाचतं कोण?" त्या म्हणाल्या. संचालक मान हलवत म्हणाले, "अहो बाई, सरकारी कागदाला आईबाप नसतात. पुढं चला." सगळे हसले. मीही हसलो, आणि कपातला लगदा चमच्यानं काढत बसलो.

आईबाप नसतात. सकाळपासून हे असंच चाललंय, कुणी काही सहज बोलावं आणि ते मला येऊन लागावं. सकाळी घरी भाचीनं माझ्या कपाशेजारी गोळ्यांचं एक लाल पाकीट ठेवलं. ती परवा जाणार, दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे, इमारतींचे नकाशे काढायची, आणि चार दिवस झाले घरभर तिचा पसारा आहे. काल तिनं माळ्यावरून तिच्या आईची पत्र्याची पेटी खाली काढली. माझ्या धाकट्या बहिणीची. नऊ वर्षं ती पेटी तिनं कुणाला उघडू दिली नव्हती आणि स्वतःही उघडली नव्हती. आत दोन पांढरे एप्रन, बंद पडलेलं मनगटी घड्याळ, रक्ताच्या नोंदींची अर्धी भरलेली वही, आणि हे पाकीट, मोठ्या माणसाचा पूर्ण डोस, सील न फोडलेलं. "मामा," ती म्हणाली, "हे तिच्या उशाशी कपाटात होतं. सहा दिवस ताप होता तिला. नुसता हात लांब केला असता तरी पोचला असता." माझी बायको ओट्याशी पाठमोरी होती, तिचे हात थांबले. मी पाकीट उलटं करून त्यावरची तारीख वाचली, जणू तारखेवरच सगळं अडलं होतं. "बाबा गेल्यावर तिला जगायचंच नव्हतं," भाची म्हणाली. "मी होते म्हणा. मी पुरले नसेन." रडत वगैरे नाही, खिडकीची मापं सांगावीत तशी म्हणाली. मी म्हणालो, "असं नसतं गं." ती म्हणाली, "मग कसं असतं?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, उशीर झाला म्हणालो आणि पायात चपला सरकवून चक्क पळ काढला.

हिला सांगायचं तर कुठून सांगायचं? मला माझी सुरुवात मास्तरांपासून आठवते. मी कार्यालयात साहेब झालो ते नंतर. आधी सात वर्षं मी एका तालुक्याच्या प्रयोगशाळेत काचेवरचं रक्त तपासत होतो, आणि मला ते शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्या काळी ताप आला की गोळ्या देऊन टाकायच्या असं धोरण होतं. गावात फिरणारा कर्मचारी बोट टोचून काचेवर थेंब घ्यायचा, त्याच हातानं गोळ्या द्यायचा, आणि काच आमच्याकडं यायची ती तीन आठवड्यांनी. तोवर माणूस बरा तरी झालेला असायचा किंवा गेलेला तरी. आम्ही जांभळ्या रंगात बुडवलेल्या त्या काचा दुर्बिणीखाली सरकवत बसायचो. दिवसाला साठ. मास्तरांचा नियम होता, की दुर्बिणीतून दिसणारे शंभर घेर बघितल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. मी चाळिसावर उरकायला लागलो तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले. "घाई असेल तर पोस्टात जा. तिथं नुसते शिक्के मारायचे असतात." आणि दुसरा नियम वहीतल्या शब्दांचा. शंभर घेर बघून काही सापडलं नाही तर मी लिहायचो, जंतू नाही. मास्तर ते लाल शाईनं खोडून वर लिहायचे, दिसला नाही. रोज. एकदा मी वैतागून म्हणालो, "मास्तर, एकच ना ते?" त्यांनी चष्मा काढून कपाळावर ठेवला. "एकच कसं? तुझा डोळा नाही म्हणतोय. रक्त कुठं नाही म्हणालं? अरे, तो आत दडून बसतो. मेंदूत बसतो, काळजात बसतो, बोटाच्या टोकाला यायला त्याला काय तुझं आमंत्रण लागतं? आज नाही दिसला, उद्या बघायचा. परवा बघायचा." मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. तरी वहीत मी दिसला नाही असंच लिहायला लागलो, हाताला तशी सवयच जडली.

पुढं गोळ्यांनी काम करायचं सोडलं. ऊठसूट वाटल्यामुळं जंतू त्यांना सरावले, जुनं औषध पाण्यासारखं झालं, आणि लोक औषध घेऊन मरायला लागले. तेव्हा नवं औषध आलं, आणि नवं धोरण : आधी निदान, मग उपचार. नुसत्या संशयावर एकही गोळी जाता कामा नये. हे बरोबर होतं. आजही कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी बरोबरच होतं म्हणेन. बोट टोचायचं, थेंब छोट्या पट्टीवर घ्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. दुर्बीण नको, तीन आठवडे नकोत. मला मुख्य कार्यालयात आणलं ते याच कामाला, कारण मी काचेपाशी बसलेला माणूस होतो आणि माझी भाषा सोपी होती. धोरणातलं निदान आणि उपचाराचं प्रकरण मी लिहिलं. आणि मग कार्ड. एप्रनच्या खिशात बसेल एवढं, जाड कागदाचं, पावसानं भिजणार नाही असं. पहिल्या खर्ड्यात चार ओळी होत्या. तिसरी होती : जंतू दिसला नाही : औषध देऊ नका. चौथी होती : जंतू दिसला नाही आणि ताप टिकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. छापखान्यातून नमुना आला तो खिशाच्या वर दोन बोटं डोकावत होता. अक्षर लहान केलं तर अंधाऱ्या खोलीत वाचता येईना. मी दुपारभर त्या चार ओळींशी झटलो आणि शेवटी चौथी काढली, पुस्तकात आहेच की म्हणून. ती काढल्यावर तिसरी लंगडी दिसायला लागली. एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला दिसला नाही. कानाला खटकत होतं. मी दिसला खोडलं. आहे, नाही. कसं सुटसुटीत झालं. तेव्हाचे संचालक म्हणाले, "वा, ह्याला म्हणतात धोरण." मी त्या दिवशी घरी जाताना फुलं घेऊन गेल्याचं आठवतंय, बायकोनं विचारलं, आज काय आहे?

माझी बहीण त्याच खात्यात नर्स होती, रस्ता संपतो तिथून पुढं दोन तासांवरच्या उपकेंद्रात. कार्ड आलं तेव्हा तिनं फोन केला. "दादा, तुझं कार्ड बसलं हो खिशात. पण आता पेनाला जागा उरली नाही, पेन केसात खोचून फिरते." मला तिचा अभिमान वाटायचा आणि तिला माझा. लहानपणापासून ती अशीच. आईनं सांगितलं असलं की दिवे लागायच्या आत घरी, तर ही पोरगी खेळ अर्धा टाकून पळत सुटायची, आणि मी मात्र अंधार पडेपर्यंत हुंदडायचो. नियम करणारा मी झालो आणि पाळणारी ती राहिली, हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं. सुट्टीत आली की मी जेवताना तिला भाषण द्यायचो, एक गोळी उगाच दिलीस तर उद्या कुणाला तरी ती लागू पडणार नाही, ध्यानात ठेव. ती मान डोलवायची आणि भाचीला म्हणायची, "ऐक, तुझा मामा बोलतोय म्हणजे सरकार बोलतंय."

बैठकीत जेवणाची सुट्टी झाली. मला जेवण जाणार नव्हतं. मी जिन्यानं तळमजल्यावर गेलो, तिथं प्रशिक्षणाची प्रयोगशाळा आहे, लांब ओटा, ओट्यावर ओळीनं दुर्बिणी. सगळे जेवायला गेले होते, एकच मुलगी काचा पुसून खोक्यात लावत होती. तिला माझी ओळख नव्हती, पण वय बघून उठली. मी म्हणालो, बघू का जरा? तिनं खोक्यातली एक काच दिली, तेलाचा थेंब सोडला आणि बाजूला सरली. रंगाचा तो वास, किंचित आंबट, नाकात शिरल्याबरोबर माझी पाठ आपोआप ताठ झाली. डावा हात बारीक चाकावर, उजवा काच सरकवायला. किती वर्षांनी. मी मोजायला लागलो. पेशींचे जांभळे पुंजके, रंगाचे कण, मध्येच धूळ. वीस. पस्तीस. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसून पुन्हा बघत होतो. चाळिसावर मान दुखायला लागली, तेव्हा मास्तर मागं उभे आहेत असं वाटलं आणि मी थांबलो नाही. शंभर झाले. मी तिच्याकडून चिठ्ठी मागून घेतली आणि लिहिलं, दिसला नाही. मुलीनं चिठ्ठी वाचली, काचेवरचा क्रमांक वाचला, मग दोन्ही पुन्हा. "सर," ती हळूच म्हणाली, "ही काच पक्क्या रुग्णाची आहे. शिकवायला ठेवलेली. भरपूर आहेत हिच्यात." माझी चूक दाखवताना तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, "म्हणून तर दिसला नाही लिहायचं असतं, बाळ," आणि माझा आवाज फाटला. ती पाणी आणायला धावली. मी त्या उंच स्टुलावर बसून राहिलो, पाय जमिनीला टेकत नव्हते.

कारण नुसत्या कार्डाचं असतं तर मी नऊ वर्षांत कधीतरी बोललो असतो. कार्ड काय, समितीचं असतं, छापखान्याचं असतं, खिशाच्या मापाचं असतं. फोन माझा होता. सोमवारी दुपारी, याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जाताना. "दादा, आज तिसरा दिवस. ताप हटत नाही बघ. शनिवारी बोट टोचून बघितलं, एकच रेघ आली. कार्डाप्रमाणं नाहीच धरायचं ना?" मी म्हणालो, कार्ड नाही म्हणतंय ना, मग नाही. साधा ताप असेल, पाणी पी, पडून राहा. ती म्हणाली, "गोळ्या घेऊन टाकू का? कपाटातच आहेत. बुधवारी पोरीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन आहे, तोवर उभं राहायला हवं रे मला. तिनं पूल काढलाय, एवढा मोठा." आणि मी, मास्तरांच्या हाताखाली सात वर्षं काढलेला मी, म्हणालो, "वेडी आहेस का? तूच नियम मोडलास तर बाकीच्यांनी काय करायचं?" ती हसली. "बरं बाबा, सरकार म्हणेल तसं." समोरून कुणीतरी हातानं मला चला चला करत होतं. पुन्हा टोच, आज पुन्हा टोचून बघ, एवढे चार शब्द. मला ते येत होते. मीच ते लिहिले होते आणि मीच खोडले होते, आणि त्या क्षणी ते माझ्या डोक्यात कुठंही नव्हते. बुधवारी तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. तिथल्या काचेवर पहिल्याच घेरात जंतूच जंतू होते. गुरुवारी पहाटे ती गेली. भाची तेरा वर्षांची होती. बुधवारी ती प्रदर्शनात आपल्या पुलाशेजारी उभी राहून दिवसभर दाराकडं बघत होती, हे तिनं एकदाच, बायकोजवळ बोलून दाखवलंय. आम्ही तिला आमच्याकडं आणली. ती कधीकधी विचारायची, आईनं गोळ्या का घेतल्या नाहीत, आणि मी म्हणायचो, माहीत नाही गं. तिनं मला नऊ वर्षं मामा म्हणून जीव लावला, आणि मी तो घेतला.

दुपारी बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा पडद्यावर भलतंच काहीतरी होतं, मच्छरदाण्यांचं. मी उभा राहिलो. "ते कार्ड मी केलं," मी म्हणालो. "चौथी ओळ होती. मी काढली." खुर्च्या कुरकुरल्या. संचालक समजुतीनं म्हणाले, "अहो, तेव्हाच्या परिस्थितीत ते योग्यच असेल, बसा." डॉक्टरीणबाईंनी मात्र वही पुढं ओढली. "काय होती ओळ? सांगा, मी लिहून घेते." मी सांगितली, जंतू दिसला नाही आणि ताप टिकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. आणि तिसऱ्या ओळीतही दिसला घाला, म्हणालो. "खिशात मावणार नाही," कुणीतरी म्हणालं. "मग खिसा मोठा शिवा," मी म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं. बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "यामुळं कुणी दगावल्याची नोंद आहे का?" मी म्हणालो, "नोंद नाही." ते खरंच होतं. पाण्याच्या टाकीपाशी आलेल्या फोनची नोंद कोण ठेवतं?

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. भाची जमिनीवर बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होती. लाल पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर तसंच. मी चपला न काढताच तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसलो. "तुझ्या आईनं मला फोन केला होता," मी म्हणालो. "सोमवारी. गोळ्या घेऊ का विचारायला. मी नको म्हणालो." तिचा हात पट्टीवर थांबला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर संपलं असतं. कार्ड सांगितलं, खिसा सांगितला, मास्तर सांगितले, सगळं उलटंसुलटं. बायको दारात येऊन उभी राहिली. माझं बोलणं संपलं. मान वर न करता भाचीनं विचारलं, "म्हणजे घेऊ का असं तिनं विचारलं होतं."

"हो."

"तिच्या तोंडानं."

"हो."

"काय म्हणाली नक्की? तू नको सांगू तुझं. तिचं सांग."

मी सांगितलं. कपाटातच आहेत, म्हणाली. बुधवारी पोरीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन आहे, तोवर उभं राहायला हवं रे मला. तिनं पूल काढलाय, एवढा मोठा. भाचीचं तोंड वेडंवाकडं झालं, तेरा वर्षांच्या मुलीचं होतं तसं, जे तेव्हा झालं नव्हतं. मी हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. बायको पुढं आली, तिच्याजवळ खाली बसली. मला वाटलं आता उठावं, आपलं इथं काही उरलं नाही, आणि मी गुडघ्यावर हात टेकून उठायलाही लागलो.

"बस," ती म्हणाली. मामा म्हणाली नाही. "पुलाचं पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"पुन्हा."